शिवणपेटी: हाताचं कौतुक आणि दाताचा हिशेब



मागच्या चातुर्मासात आमच्या स्वाध्यायाला येणाऱ्या एका वहिनींनी जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून एक पेटी आणली. दीड वीत लांब, वीतभर रुंद. झाकण उघडलं आणि खोलीत चंदनाचा मंद वास पसरला. आत विटलेली तांबडी मखमल, लहान लहान कप्पे, कप्प्यांना आपापली झाकणं. एका कप्प्यात पांढरी कातीव रिळं, एकात अंगुस्तान, एकात गंजून एकमेकींना चिकटलेल्या सुया. पेटीच्या झाकणावर पांढऱ्या, काळ्या, हिरव्या रंगाच्या चांदण्या होत्या आणि त्यांतला एकेक तुकडा मोहरीएवढा. नजर हलत नव्हती.

वहिनींच्या आजेसासूबाईंचं माहेर मुंबईचं. त्यांच्याबरोबर ही पेटी कणकवलीत आली. आता झालं असं की, जुन्या वस्तू घेणारा एक माणूस दारावर येऊन तिची बरीच मोठी किंमत सांगून गेला. मुलगा म्हणतो, पडून आहे ती विकून टाकू. सून म्हणते, विकायची ती विका, पण घरात नको, हे पांढरं म्हणजे हस्तिदंत आहे. वहिनींचं मन दोन्हीकडे होईना. त्यांनी आम्हाला एवढंच विचारलं, "सासूबाईंनी माझ्या दोन्ही मुलांची झबली याच पेटीतल्या सुईनं शिवली. आता ही घरात ठेवली तर दोष लागतो का?"

त्या दिवशी कुणालाच उत्तर देता आलं नाही. मग मी या पेट्यांविषयी मिळेल ते वाचत गेले. वाचता वाचता मुंबई, सुरत, आफ्रिका करत शेवटी आपल्याच सावंतवाडीला येऊन पोहोचले. जे कळलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट ही की, शिवणपेटी मुळात आपल्या घरातली वस्तू नव्हे. आपल्याकडे सुईदोरा बटव्यात असायचा, नाहीतर दोऱ्याच्या गुंडीला सुई खोचून ती फडताळात ठेवलेली असायची. पुढे बिस्किटांचे पत्र्याचे डबे आले आणि प्रत्येक घरात त्यांतला एक शिवणाचा झाला. कप्प्याकप्प्यांची नक्षीदार पेटी आली ती साहेबांच्या मडमांबरोबर. अठराव्या शतकाचा शेवट आणि सगळं एकोणिसावं शतक युरोपातल्या सुखवस्तू घरांत बाईची शिवणपेटी ही मिरवण्याची वस्तू होती. पाहुणे आले की ती पेटी दिवाणखान्यात उघडायची आणि भरतकाम करत बसायचं. तिच्यात कात्री, सुईचं घर, अंगुस्तान, दोरा गुंडाळायच्या चकत्या, कापडाला भोक पाडायची अरी, गुंडाळी होणारी मोजायची फीत आणि मेणाची एक छोटी वडी असे. दोरा मेणावरून ओढला की त्याचा गुंता होत नाही. ते मेण मधमाशीचं. म्हणजे मधाला न शिवणाऱ्या आपल्यासारखीच्या हातात ती पेटी आली असती, तर पहिला प्रश्न त्या वडीपासूनच सुरू झाला असता.

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या बायका अशा पेट्या इथल्या कारागिरांकडून करवून घेऊ लागल्या आणि परत जाताना नेऊ लागल्या. चीनमधल्या कँटनहून काळ्या चकचकीत रोगणाच्या पेट्या युरोपात जात. आपल्या देशात दोन ठिकाणं त्यासाठी नावाजली. पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टण आणि पश्चिम किनाऱ्यावर सुरत-मुंबई.

वहिनींची पेटी या दुसऱ्या प्रकारची. या कामाला 'सादेली' म्हणतात आणि इंग्रजांनी त्या पेट्यांना 'बॉम्बे बॉक्स' असंच नाव देऊन टाकलं होतं. मुंबईत बरीच वर्षं राहिलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली हिंदुस्थानच्या कारागिरीवर एक पुस्तक लिहिलं. ही कला इराणातल्या शिराजहून सिंधमार्गे मुंबईकडे आली, असं त्यात नोंदलं आहे. सुरतेत हे काम पारशी घराण्यांनी सांभाळलं. पेटीगरा हे पारशी आडनाव पेट्या बनवण्याच्या धंद्यावरूनच पडलेलं. लंडनला १८५१ साली जे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्यातही मुंबईच्या या पेट्या मांडल्या होत्या.

आता त्या चांदण्या कशा केल्या असतील? मला वाटलं होतं, एकेक तुकडा चिमट्यानं चिकटवला असेल. तसं नाही. ही युक्ती आपल्याला अळूवडीवरून लगेच समजेल. अळूवडीचा उंडा बांधला की आपण त्याच्या चकत्या कापतो आणि प्रत्येक चकतीवर तेच वर्तुळ दिसतं. सादेलीतही तसंच. हस्तिदंत, शिसवीसारखं काळं लाकूड, तांबूस पतंगाचं लाकूड, हिरवं रंगवलेलं सांबरशिंग आणि कथलाची तार यांच्या लांब बारीक काड्या करायच्या. काही तिकोनी, काही षट्कोनी, काही गोल. त्या नक्षीच्या हिशेबानं एकमेकींना लावून, सरस घालून, घट्ट जुडी बांधायची. जुडी वाळली की तिच्या आडव्या पातळ चकत्या कापायच्या. प्रत्येक चकतीवर तीच चांदणी. मग त्या चकत्या चंदनाच्या पेटीवर ओळीनं बसवायच्या आणि घासून गुळगुळीत करायच्या. काडी घासताना केसाएवढी चूक झाली तरी प्रत्येक चकतीत ती चूक उमटते. त्यामुळे खरं कसब चिकटवण्यात नाही, काड्या घासण्यात आहे. एका पेटीमागे किती दिवसांची नजर गेली असेल, हे ज्यांनी कधी मोजून कशिदा काढला आहे त्यांना सांगायला नको.

विशाखापट्टणची तऱ्हा वेगळी. तिथले कारागीर चंदनाच्या पेटीवर हस्तिदंताचे पातळ पत्रेच मढवत. पत्र्यावर सुईसारख्या हत्यारानं फुलं-वेली कोरत आणि कोरलेल्या रेषांत काळी लाख भरत. पांढऱ्यावर काळं असं छापील चित्रासारखं दिसे. काही पेट्या तर छोट्या बंगल्याच्या आकाराच्या. दारं, खिडक्या, वर छप्पर, आणि छप्पर उचललं की आत सुया-दोऱ्याचे कप्पे.

वाचताना इथपर्यंत मी खूष होते. मग एक साधा प्रश्न पडला. इतका हस्तिदंत आला कुठून?

बराचसा आला आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून. मोझांबिक, झांजीबार या बंदरांतून गलबतं भरून हस्तिदंत दीव, दमण, कच्छ, सुरत आणि मुंबईला उतरत असे. आफ्रिकी हत्तीचा दात मोठा आणि कोरायला सोपा, म्हणून त्याला मागणी जास्त. त्याच्या बदल्यात इथून काय जाई? कापड. गुजरातेत विणलेलं, खास आफ्रिकेच्या पसंतीचं सुती कापड. कापड जायचं आणि दात यायचा. आणि हा व्यापार ज्यांच्या हातात होता ते गुजराती वाणी व्यापारी होते. त्यांत हिंदू होते, तसे जैनही होते. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. सगळा हस्तिदंत काही मडमांच्या पेट्यांसाठी येत नव्हता, हेही खरं. सगळ्यात जास्त खप होता गुजरात-राजपुताण्यात लग्नात भरायच्या चुड्यांचा. म्हणजे दोष साहेबावर ढकलून मोकळं होता येत नाही. मागणी आपल्याच घरांतूनही होती.

म्हटलं, मुंबई-सुरत राहू दे, आपला जिल्हा तरी यातून सुटला असेल. आपल्यापासून पन्नासएक किलोमीटरवर सावंतवाडी. तिथली चितारआळी, पांगाऱ्याच्या लाकडाची फळं आणि खेळणी, गंजिफा हे सगळं आपल्याला माहीत आहे. लग्नात रुखवतावर ठेवायला लाकडी फळांची परडी आपण तिथूनच आणतो. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये सावंतवाडी संस्थानच्या कारागिरीची जी यादी आहे ती मी वाचली. चामड्यावर आणि कापडावर सोन्या-रुप्याचं भरतकाम. वाळ्याचे पंखे, टोपल्या आणि डबे, त्यांवर जर आणि सोनकिड्यांचे चमकणारे पंख लावलेले. लाखेची खेळणी. गंजिफा. आणि म्हशीच्या व गव्याच्या शिंगातून कोरलेल्या दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तू.

एकेक शब्द पुन्हा वाचा. किड्याचे पंख, लाख, चामडं, शिंग. आपल्या जिल्ह्याची शान म्हणून जे गेलं त्यात वाळा, लाकूड आणि जर सोडली तर बाकी सगळं कुणाच्या तरी जिवाचं.

लाखेबद्दल मला वाटायचं, हा झाडाचा डिंक. तो डिंक नव्हे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे हजारोंनी बसतात, रस शोषतात आणि स्वतःभोवती ही राळ तयार करतात. तिच्याखाली त्यांची अंडी आणि पिल्लं असतात. फांद्या तोडून, खरवडून ती राळ काढतात आणि ती काढताना त्यातले किडे मरतात. थोड्याशा लाखेमागे किड्यांची संख्या इतकी मोठी होते की 'लाख' हे नावच त्या संख्येवरून पडलं असं मानतात.

चितारी मात्र त्या लाखेचं काय करत, ते पाहण्यासारखं आहे. कातीव वस्तू लेथवर गरगर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी तिच्यावर दाबून धरायची. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याच्या पानानं घासलं की आरशासारखी चकाकी येते. गंजिफांची तऱ्हा निराळी. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडानं घोटायचं, मग बारीक कुंचल्यानं चित्र काढायचं आणि मागून लाख चढवायची. दशावतारी गंजिफांची पानं १२०. दहा अवतार, प्रत्येकाची बारा. ती ठेवायला सरकत्या झाकणाची रंगवलेली लाकडी पेटी. अशाच रंगवलेल्या लहान-मोठ्या पेट्यांतल्या काही घराघरांत करंडे झाल्या, काही दागिन्यांच्या, काही सुईदोऱ्याच्या.

ही कला जवळपास संपली होती. स्वातंत्र्यानंतर सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोंसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ती वाचवली. राणीसाहेबांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिरांकडून गंजिफा स्वतः शिकून घेतल्या आणि राजवाड्यातच कारखाना सुरू केला. आजही राजवाड्यात गेलात तर कलाकार कुंचला घेऊन काम करताना दिसतात. एका राणीनं हातात कुंचला घेतला म्हणून एक हुन्नर टिकला, ही गोष्ट मी माझ्या नातवंडांना नेहमी सांगते. पण आता त्यांना लाखेची गोष्टही सांगायला हवी.

आता शास्त्राकडे येऊ. आपल्या श्वेतांबर भगिनी प्रतिक्रमणात वंदित्तु सूत्र म्हणतात. त्यात श्रावकानं टाळायच्या पंधरा धंद्यांचा, म्हणजे पंधरा कर्मादानांचा उल्लेख येतो. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या कथेत हीच यादी आहे. त्यात व्यापाराचे पाच प्रकार वर्ज्य सांगितले आहेत आणि त्यातले पहिले दोन कोणते? दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य. दाताचा व्यापार आणि लाखेचा व्यापार. एकापाठोपाठ एक. विशाखापट्टणच्या पेटीत हस्तिदंतावर लाख भरलेली असते हे वाचताना मला ही जोडी आठवली आणि अंगावर काटा आला. ज्यांनी ही यादी केली त्यांनी कारखाने आणि बाजार डोळ्यांनी पाहिलेले असणार.

आपल्या दिगंबर परंपरेत तेराव्या शतकात माळव्यात राहिलेल्या पंडित आशाधरांनी 'सागारधर्मामृत' लिहिलं. तेही या पंधरा कठोर कर्मांची नावं देतात, पण पुढे जे म्हणतात ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, अशी पंधराची यादी करणं बरोबर नाही, कारण जगातली पापाची कामं मोजण्यापलीकडची आहेत. यादी फार तर ज्यांना अजिबात कळत नाही त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी स्वतः विचार करायचा. आशाधर स्वतः गृहस्थ होते, मुनी नव्हते. त्यांना ठाऊक होतं की यादी हातात आली की माणूस यादीबाहेरचं सगळं चालतं असं धरून बसतो.

हे लक्षात ठेवून पुन्हा त्या पेटीकडे पाहिलं. दात आणि लाख सोडा, चंदनाचं काय? चंदनाचा सुगंध असतो तो गाभ्यात आणि मुळांत. त्यामुळे झाड मुळासकट काढल्याशिवाय चंदन मिळत नाही. यादीतलं 'वनकर्म' ते हेच. सागर, सोरब, कुमठा या भागांतले गुडिगार कारागीर नुसत्या चंदनाच्या इतक्या सुरेख पेट्या कोरतात की दाताची गरजच पडत नाही. त्यांचे पूर्वज पोर्तुगिजांच्या काळात गोव्याहून तिकडे गेले असं सांगतात, म्हणजे ते आपल्या कोकणचेच. दाताच्या पेटीपेक्षा ही पेटी हजारपट बरी. पण पूर्ण निर्दोष नाही. आणि तुकडे जोडणारा तो सरस? जुन्या काळी सरस कातडी आणि हाडं उकळून करत.

मग सगळंच सारखं पापाचं, म्हणून सोडून द्यायचं का? तसंही नाही. इथे फरक करायला आपल्या मुनिमहाराजांच्या हातातली पिंछी शिकवते. पिंछी मोरपिसांचीच असते. पण मोर दरवर्षी पावसाळा सरता सरता आपली पिसं आपणहून टाकतो आणि पिंछी त्या गळलेल्या पिसांची. जीव घेऊन उपटलेलं पीस तिथे चालत नाही. म्हणजे वस्तू प्राण्याची आहे की नाही एवढंच बघायचं नसतं, ती कशी मिळाली हे बघायचं असतं. सादेलीतल्या सांबरशिंगाचं बघा. सांबर दरवर्षी शिंगं टाकतो आणि पुन्हा नवी येतात. गव्याचं, म्हशीचं शिंग गळत नाही. हत्तीचा दात गळत नाही. त्याचा मोठा भाग कवटीत रुतलेला असतो आणि तो पुरता काढण्यासाठी बहुतेक वेळा हत्तीलाच मारतात.

आणि दाताशिवाय ही कलाच झाली नसती, असं कुणी म्हणत असेल तर तेही खरं नाही. इंग्लंडात टनब्रिज वेल्स नावाचं गाव आहे. तिथे १८३० च्या सुमारास हीच काड्यांच्या जुडीची आणि चकत्यांची पद्धत वापरून शिवणपेट्या होऊ लागल्या. फरक एवढाच की काड्या सगळ्या लाकडाच्या. वेगवेगळ्या झाडांचे नैसर्गिक रंग निवडायचे आणि हिरवा हवा असेल तर बुरशीनं हिरवट झालेलं ओकचं लाकूड घ्यायचं. फुलं, पाखरं, जुने वाडे, सगळं लाकडात. म्हणजे युक्ती तीच, हात तितकेच सफाईचे, आणि हत्ती आपला जंगलात.

हत्ती आता आपल्यासाठी केवळ चित्रातला राहिलेला नाही. गेल्या वीसएक वर्षांत कर्नाटकातून रानटी हत्ती दोडामार्गच्या बाजूला उतरतात, केळी-माड-सुपारीची नासधूस करतात. ज्यांची बाग गेली त्यांचं दुःख खरं आहे. गवेही घाट उतरून शेतात येतात. ज्यांचे दात आणि शिंगं आपण कपाटात शोभेला ठेवली, ते प्राणी आता दारात उभे आहेत. त्यामुळे हा प्रश्न जुन्या पेटीपुरता राहत नाही.

आता कायद्याचं, कारण विकण्याची गोष्ट निघाली होती. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९८६ च्या दुरुस्तीनं भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार देशात बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं आफ्रिकेतून आणलेल्या दाताचाही. जंगलात गळून पडलेल्या सांबरशिंगांचा व्यापारही आता चालत नाही. त्यामुळे दारावर येऊन कुणी कितीही किंमत सांगो, हस्तिदंताची पेटी विकणं हा गुन्हा आहे, आणि घेणं हाही. वारसानं आलेली अशी वस्तू वनविभागाकडे जाहीर करावी लागते. आपल्या जिल्ह्यासाठी सावंतवाडीला उपवनसंरक्षकांचं कार्यालय आहे, तिथे जाऊन नीट विचारावं. घाबरून पेटी विहिरीत टाकू नका, आणि हौसेनं तिचा फोटो टाकून गिऱ्हाईकही शोधू नका.

तुमच्याही घरात अशी काही वस्तू असेल तर आधी ती कशाची आहे ते बघा. भिंग घ्या आणि तुकड्याच्या कापलेल्या टोकाकडे पाहा. हस्तिदंत असेल तर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. हाड असेल तर बारीक काळसर ठिपके किंवा चिरा दिसतात. अगदी एकसारखं, काहीच न दिसणारं असेल, किंवा नुसत्या सरळ समांतर रेषा असतील, तर ते बहुधा सेल्युलॉइड. १८७० च्या आसपास हस्तिदंताला पर्याय म्हणूनच ते निघालं आणि पुढे पुष्कळ स्वस्त वस्तूंत वापरलं गेलं. आम्ही वहिनींच्या पेटीकडे भिंगातून पाहिलं. चांदण्यांतले तुकडे इतके बारीक की त्यांचं काही कळेना. कडेच्या पट्टीवर ठिपके होते, म्हणजे हाड. आणि एका रिळाच्या टोकाला त्या छेदणाऱ्या रेषा अगदी स्पष्ट दिसल्या. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

आपल्याकडे पापाचे तीन रस्ते सांगितले आहेत. कृत, कारित, अनुमोदना. स्वतः करणं, करवून घेणं, आणि केलेल्याला मान डोलावणं. ती पेटी वहिनींनी केली नाही, करवूनही घेतली नाही. राहिली अनुमोदना, आणि ती सर्वात निसरडी. "किती सुरेख!" असं आपण म्हणतो तेव्हा नक्की कशाला म्हणतो? त्या कारागिराच्या नजरेला, त्याच्या बोटांना म्हणत असू तर त्यात पाप नाही. तो पोटासाठी राबणारा माणूस. पण "अस्सल हस्तिदंत आहे हो, आता मिळत नाही" असं अभिमानानं म्हणत असू, तर तिथे मान डोलली. हाताचं कौतुक करताना दाताचं कौतुक होऊ नये, एवढं भान ठेवायचं.

दुसरी गोष्ट परिग्रहाची. समंतभद्र आचार्यांचा 'रत्नकरंड श्रावकाचार' आपल्यापैकी बहुतेकींनी वाचला आहे. श्लोक १५०, आणि ग्रंथाचं नावच पेटीचं. रत्नांचा करंडा. त्यात परिग्रहाच्या मर्यादेला 'इच्छापरिमाण' असंही नाव दिलं आहे. वस्तू मोजण्याआधी इच्छा मोजायची. मडमेची ती पेटी सुई ठेवण्यासाठी होती की दाखवण्यासाठी? सुई तर बिस्किटाच्या डब्यातही तितकीच नीट राहते. आणि सुईचं खरं काम परिग्रह कमी करण्याचंच आहे. उसवलेलं शिवलं, फाटलेलं रफू केलं, जुन्या लुगड्यांची वाकळ केली की नवं आणावं लागत नाही. आपल्या आज्या-सासवांनी हे व्रत म्हणून केलं नाही, काटकसर म्हणून केलं. पण झालं ते व्रतच.

वहिनींनी शेवटी काय केलं ते सांगते. पेटी विकली नाही. मुलानं वनविभागात चौकशी करून कागदपत्रांचं काम सुरू केलं आहे. सूनबाईंच्या म्हणण्याप्रमाणे पेटी देवघराच्या खोलीतून हलवून वरच्या कपाटात ठेवली. आणि सूनबाईंनीच एका कागदावर लिहून तो पेटीत ठेवला. आमच्या आजेसासूबाईंची ही पेटी मुंबईच्या कारागिरांनी फार मेहनतीनं केली आहे. हिच्यात हत्तीचा दात आणि प्राण्याचं हाड आहे. आम्ही अशी वस्तू विकत घेणार नाही आणि विकणारही नाही. हिच्यातल्या सुईनं या घरातल्या दोन मुलांची झबली शिवली गेली. खाली सासू-सुनेच्या दोघींच्या सह्या आणि तारीख.

गंजलेल्या सुया पेटीतच राहिल्या. अंगुस्तान मात्र वहिनींनी काढून घेतलं. ते साधं पितळेचं निघालं. आता ते त्यांच्या शिवणाच्या डब्यात असतं आणि परवाच्या स्वाध्यायाला त्या आल्या तेव्हा बोटाला लावलेलं तसंच राहिलं होतं.

जय जिनेंद्र.